कातणे पाहणे आणि कातणे शिकणे

आपल्या देवस्थानांशी निगडित असलेल्या समाजांतून, महिला मंडळांतून आणि वाचनालयांतून अलीकडे एक नवी प्रथा रुजली आहे. जत्रा-उत्सवांची धामधूम ओसरली म्हणजे एखादा रविवार ठरवून वारसास्थळांची सहल काढावयाची. सकाळी एखादे जुने देऊळ, त्याची तळी आणि दीपमाळ पाहावयाची, दुपारी कुंभार, बुरूड वा विणकर यांच्यापैकी कोणाचे तरी काम दुरून न्याहाळावयाचे, आणि परतण्यापूर्वी अर्धा तास 'सूतकताईचा प्रत्यक्ष अनुभव' घ्यावयाचा. या प्रथेचे स्वागत करावयास हरकत नाही. घरी बसून वारशाच्या गप्पा मारण्यापेक्षा चार पावले चालून तो पाहणे केव्हाही बरे. तथापि, ज्याला आपण अनुभव म्हणतो तो खरोखर कशाचा अनुभव असतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, म्हणून तो येथे विचारावयाचा आहे.

अशाच एका सहलीत मागच्या वर्षी मी होतो. मंडळी चाळीस, पेटीचरखे दोन आणि टकळ्या डझनभर. शिकवणारे गृहस्थ वृद्ध, खादीच्या कामात आयुष्य घालवलेले आणि स्वभावाने अत्यंत गोड. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे आली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी फार मनापासून प्रयत्न करीत होती. परंतु तिची तार पुनःपुन्हा तुटे. मागे रांग खोळंबली होती. अखेर त्या गृहस्थांनी तिच्या हातातील पेळू घेतला, दोन हात लांबीची सुरेख तार काढली आणि ती तिच्या बोटांत देऊन म्हणाले, "आता धर अशी." मोबाइल पुढे सरसावले, छायाचित्र निघाले. ते छायाचित्र पुढे मंडळाच्या वार्षिक अहवालात छापून आले. त्यात मुलगी आहे, चरखा आहे, सूत आहे. फक्त ते सूत तिचे नाही.

यात कोणाचा अपराध आहे असे मला म्हणावयाचे नाही. चाळीस माणसे आणि अर्धा तास असा हिशेब असल्यावर दुसरे काय होणार? दोष योजनेच्या मुळातच आहे. कातणे ही पाहण्याची गोष्ट आहे असे ज्याने मानले, त्याची तुटलेल्या तारेमुळे पंचाईत होते. कातणे शिकणाराला मात्र तुटलेली तार हाच पहिला धडा असतो.

ती का तुटते हे पाहण्यासारखे आहे. कापसाचा तंतू लांबीने इंचभर, कधी त्याहूनही कमी. असे हजारो आखूड तंतू एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळाच्या बळावर. पेळूतून तंतू ओढावयाचे आणि त्याच क्षणी त्यांना पीळ द्यावयाचा, ही दोन कामे दोन हातांना निरनिराळ्या गतीने करावी लागतात. उजवा हात चक्र फिरवितो, डावा हात पेळू घेऊन मागे सरतो. डावा हात उतावीळ झाला की पीळ पोहोचण्यापूर्वीच तंतू निसटतात आणि तार सुटते. तो रेंगाळला की पीळ पेळूत शिरतो, तेथे गाठोडे होते आणि पुढे काहीच ओढले जात नाही. या दोहोंमधील जागा फार अरुंद आहे, आणि ती कोठे आहे हे तोंडाने सांगता येत नाही. अंगठा व तर्जनी यांच्या टोकांना पीळ येऊन पोहोचल्याची एक बारीकशी चाहूल लागते. ती चाहूल एकदा लागली म्हणजे माणूस कातू लागला. मला स्वतःला ती लागावयास सोळा दिवस लागले, रोज अर्धा तास याप्रमाणे. आणि नंतर पंधरा दिवस काम सोडले तेव्हा ती पुन्हा हरवली. टकळीवर हे अधिक स्पष्टपणे कळते, कारण टकळी थांबली की लगेच उलटी फिरू लागते आणि दिलेला पीळ आपल्या डोळ्यांदेखत उलगडून जातो.

आता आपल्या भाषांतून जे वाङ्मय या विषयावर आहे त्याकडे वळू. त्यात प्रथम नाव घ्यावे लागते ते गांधीजींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेतील खादीच्या जन्माविषयीच्या दोन प्रकरणांचे. मूळ गुजराती आत्मकथेचा मराठी अनुवाद कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनी केला. ही दोन प्रकरणे मी आजवर अनेकदा वाचली आहेत, आणि दर वेळी त्यांच्या प्रांजळपणाने मी थक्क होतो. १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिताना चरखा किंवा हातमाग आपण पाहिल्याचे स्मरत नाही, असे लेखक तेथे सरळ सांगतो. आश्रमात माग बसवले खरे, परंतु आश्रमवासी सारे बुद्धिजीवी वा व्यापारी, कारागीर एकही नाही. पालनपूरहून आणलेला शिक्षक आपली विद्या पूर्ण देईना. ती मगनलाल गांधींनी चिकाटीने मिळवली. आणि एवढे करून विणले काय? गिरणीचेच सूत. म्हणजे आपण गिरण्यांचे बिनपगारी दलाल झालो, हा बोध तेथून झाला. मग चरख्याचा शोध सुरू झाला. तो लावला गंगाबेन मजमुदार या धाडसी विधवा बाईंनी, आणि लावला बडोदे संस्थानातील विजापुरात. बडोद्याच्या आपल्या वाचकांना हे ठाऊक असेलच, तथापि त्याचा म्हणावा तसा अभिमान बाळगलेला मी पाहिला नाही. चरखे नाहीसे झाले नव्हते. ते माळ्यावर अडगळीत पडले होते. पेळू नियमित मिळत असतील आणि सूत कोणी विकत घेत असेल तर आम्ही पुन्हा कातू, असे त्या घरांतील लोक म्हणाले.

येथे या प्रकरणाचा खरा कस लागतो. चरखा सापडला, आता गोष्ट संपली, असे एखाद्या सामान्य लेखकाने केले असते. गांधीजींनी तसे केले नाही. पेळू कोठून आणावयाचे? ते प्रथम उमर सोबानी यांच्या गिरणीतून आले, आणि ते मनाला बोचू लागले. सूत हातचे आणि पेळू गिरणीचे, मग यात हातचे काय उरले? तेव्हा गंगाबेननी महिना पस्तीस रुपयांवर एक पिंजारी ठेवला आणि मुलांना पेळू वळावयास शिकवले. चरख्याच्या मागे पेळू, पेळूच्या मागे पिंजण, पिंजणाच्या मागे कापूस, अशी ही साखळी लेखक एकेक कडी ओढून आपल्या हाती देतो. आपल्या सहलींत ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटलेली असते. पेळू कागदाच्या पुडीतून निघतो. तो कोठून आला हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही.

परंतु या प्रकरणांत एक उणीव आहे, आणि ती दाखविल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. चरख्याच्या शोधाची हकीकत एवढ्या बारकाईने सांगणारा लेखक, स्वतः कातावयास शिकला तो कसा, यावर मात्र अत्यंत त्रोटक लिहितो. मुंबईत आजारातून उठताना खोलीत चरख्याचा गुंजारव सुरू झाला आणि प्रकृती सुधारण्यास त्याचाही हातभार लागला, असा उल्लेख येतो. तो हृद्य आहे. पण बोटांचे काय झाले, तार किती वेळा तुटली, कोणत्या दिवशी ती टिकली, हे तेथे नाही. सत्याच्या प्रयोगांची एवढी तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या माणसाकडून वाचकाने ही अपेक्षा करणे गैर नव्हे. चरखा या ग्रंथात प्रतीक होण्याच्या मार्गाला लागला आहे. आणि एकदा एखादे साधन प्रतीक झाले की ते वापरता आले नाही तरी चालते.

ही उणीव विनोबांनी भरून काढली. त्यांना कातण्याचे वेड होते असे म्हणण्यापेक्षा कातणे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. वर्ध्याजवळ नालवाडीला कातण्याच्या मजुरीवरच निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला. तो करणाऱ्याला कातणारीची मजुरी किती तोकडी आहे हे पोटाने कळले. चरखा संघाने १९३५ साली कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा प्रश्न केवळ भावनेचा राहिला नव्हता. आजचे हैदराबादकर पोचमपल्लीला सहलीस जातात, १८ एप्रिल १९५१ रोजी जेथे भूदानाचा आरंभ झाला ती जागा पाहतात आणि मग विणकरांच्या घरी इकतच्या रंगांचे कौतुक करतात. भूदानाचे विनोबा त्यांच्या ध्यानात राहतात. टकळीचे विनोबा मात्र त्यांच्या कानावरही आलेले नसतात.

आपल्या सीमाभागाशी या इतिहासाचा एक धागा फार जवळून जोडलेला आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन. त्या अधिवेशनात सभासदत्वासाठी चार आण्यांच्या वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट मान्य झाली. हिशेब केला तर दिवसाला सुमारे ६७ वार पडतात. सराव असलेल्या हाताला अर्धा तास पुरे. एवढे भव्य राजकीय विद्यापीठ दुसरे कोणते असते? परंतु त्याच ठरावात एक सवलत होती. ज्याची इच्छा नसेल वा ज्याला जमत नसेल त्याने दुसऱ्याकडून कातवून घेतलेले सूत दिले तरी चालेल. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ही अट सैल झाली, पैशाची वर्गणी परत आली आणि कातण्याचे काम नव्या अखिल भारतीय चरखा संघाकडे गेले. त्या काळचे मतभेद आणि तडजोडी ध्यानात घेता सवलत अपरिहार्य होती, हे मान्य. तरीही त्या मुलीच्या बोटांत दिलेली दुसऱ्याची तार पाहिली तेव्हा मला बेळगावची ती सवलत आठवल्यावाचून राहिली नाही.

त्याच जिल्ह्यातील हुदली गावी गंगाधरराव देशपांडे यांनी खादीचे काम उभे केले. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाची बैठक त्या गावी भरली होती. बेळगावकरांनी सहल काढावयाचीच तर कित्तूर आणि गोकाकच्या धबधब्याबरोबर हुदलीही त्यांच्या यादीत असावयास हवे. मात्र गावी जाऊन खादी विकत घेऊन येणे ही खरेदी झाली. आज खादीचे बहुतेक सूत अनेक चात्यांच्या सुधारित अंबर चरख्यावर निघते. एकाच वेळी अनेक तारा सांभाळणाऱ्या त्या बायांचे कौशल्य तार तुटताच ती ओळखून सांधण्यात असते, पूर्वीच्या त्या दोन बोटांच्या चाहुलीत नव्हे. हे कमी प्रतीचे काम आहे असे मुळीच नाही. परंतु ते निराळे आहे, आणि पाहुण्यांना ते निराळे म्हणून दाखविले पाहिजे. पेटीचरखा दाखवायचा आणि अंबरच्या सुताचे कापड विकायचे, यात थोडी गफलत होते.

इंदूरची मंडळी महेश्वरला जातात. अहिल्याबाईंचा वाडा, नर्मदेचा घाट आणि मागावरच्या त्या सुंदर साड्या पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. होळकर घराण्यातील मंडळींनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील विणकाम पुन्हा सावरले, हे मोठेच काम झाले. पण माग खटखटत असतो, धोटा या बाजूहून त्या बाजूस धावत असतो, त्यामुळे डोळे आणि कान तेथेच गुंततात. माग हा बोलका आहे, सूत मुके आहे. देशातील हातमागांना लागणारे सूत बव्हंशी गिरणीचे असते, ही गोष्ट सहलीतल्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसते. विणकराला विचारले तर तो लपवीत नाही. विचारीत कोणी नाही.

आणि शाळा? वर्धा शिक्षण योजनेनंतर टकळीला वर्गात स्थान मिळाले. जुन्या मुंबई प्रांतात शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ती टकळी आठवते. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने तेथील त्या पिढीला तीही आठवण नाही. मी अनेकांना विचारले. टकळी मांडीवर फिरविण्याची मौज सर्वांना आठवते, सुताचे पुढे काय झाले हे एकालाही सांगता आले नाही. ज्या सुताचे काही होत नाही ते मुलाने मन लावून का काढावे?

येथे मला आपल्याच घराकडे आणि देवाकडे वळावेसे वाटते. आपल्या परंपरेत कातणे कधी केवळ दाखविण्याचे नव्हते, कारण सुताचे काहीतरी होत असे, आणि ते रोज होत असे. कोकणात व गोव्यात पाऊस एवढा की कापसाचे पीक म्हणून शेत नाही. पण देवळाच्या कुंपणापाशी, घराच्या परसात देवकापशीचे झाड मात्र असे. हे झाड वर्षानुवर्षे टिकते. त्याची बोंडे उमलली की सरकी बोटांनीच काढावयाची, कापूस विसकटून मोकळा करावयाचा आणि मग वात वळावयाची. बोटांना किंचित दूध वा भस्म लावून तळहातावर दिलेला तो पीळ म्हणजे कातण्याचे पहिले अक्षर होय. गेजवस्त्र करताना तोच कापूस एका अखंड धाग्यात ओढून ठिकठिकाणी मणी फुगवतात. तेथे तंतू कोठे सोडावयाचा आणि कोठे पिळावयाचा हे आजीच्या बोटांना नेमके माहीत असते. चरख्याला लागणारी ती अरुंद जागा म्हणजे हीच. लक्षवातींचे व्रत केलेल्या बाईला मी शिकाऊ म्हणणार नाही. ती निम्मी कातणारी आहेच.

यज्ञोपवीताची गोष्ट तर याहून पुढची आहे. टकळीवर काढलेले सूत चार बोटांभोवती ९६ वेळा गुंडाळावयाचे, त्याचे तीन पदर करून एका दिशेने पीळ द्यावयाचा आणि पुन्हा तीन पदर करून उलट दिशेने. नऊ तंतूंचे हे जानवे आपोआप सुटत नाही वा गुरफटत नाही, ते या उलट पिळामुळे. एका पिळाचा ताण दुसरा पीळ शमवितो. जगातील कोणताही चांगला दोरा याच न्यायाने बनतो. विधीमध्ये केवढी यंत्रविद्या दडलेली आहे हे श्रावणीच्या दिवशी बाजारातून पाकीट आणताना आपल्या लक्षात येत नाही. पाकिटातले जानवे बहुधा गिरणीच्या दोऱ्याचे, आणि वातीही आता प्लास्टिकच्या पिशवीतून येतात. मी त्याबद्दल कोणाला बोल लावणार नाही. माझ्या घरीही तशाच येतात. म्हणूनच 'वारसा' पाहण्यासाठी भाड्याच्या गाडीने तीस मैल जाणे मला थोडे विनोदी वाटू लागले आहे.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. परसातल्या वातीकडे वळणे म्हणजे कातण्याचा इतिहास आपल्या सोयीपुरता, आपल्या घरापुरता आखडून घेणे नव्हे काय? होय, तसा धोका आहे. पोटासाठी कातणाऱ्या बहुतेक बाया गरीब होत्या, पुष्कळशा विधवा होत्या. गादीचा कापूस पिंजावयास दारी येणारा पिंजारी बहुधा मुसलमान असे. त्याच्या धनुष्याच्या तातीचा तो घुमणारा आवाज ऐकून आम्ही मुले अंगणात जमत असू, आणि त्याच्या हातातून कापूस जणू धुके होऊन उडे. लोकरीचे सूत काढावयाचे ते धनगरांनी, आणि त्याचे घोंगडे देवाच्या पालखीपुढे अंथरलेले आपण पाहिले आहे. या सर्वांना वगळून कातण्याचे गुणगान करणे म्हणजे पुन्हा छायाचित्रच काढणे. गंगाबेननी विजापुरात पिंजाऱ्याला महिना पस्तीस रुपये दिले, हा आकडा गांधीजींनी आत्मकथेत आवर्जून नोंदवला आहे. आपल्या सहलींच्या पत्रकांत कारागिराचे नाव नसते आणि मोबदलाही नसतो.

मग सहली बंद कराव्यात काय? तसे मी म्हणत नाही. परंतु एका दिवसात सात ठिकाणे पाहण्याऐवजी सात रविवार एकाच ठिकाणी जावे. पहिल्या रविवारी चरख्याला हातही लावू नये. कापूस वेचावा, सरकी काढावी. दुसऱ्या रविवारी पिंजारी मिळाला तर त्याला सन्मानाने आणि मोबदला देऊन बोलवावे, पेळू वळावेत. मंडळातील ज्या वृद्ध स्त्रियांना गेजवस्त्र करता येते त्यांना प्रेक्षक म्हणून बसविण्याऐवजी शिक्षक म्हणून बसवावे. टकळी तिसऱ्या रविवारी. तार तुटेल, तुटू द्यावी, आणि कोणीही दुसऱ्याची तार कोणाच्या हाती देऊ नये. शेवटी जे काही जाडेभरडे, गाठाळ सूत निघेल ते कितीही थोडे असो, त्याच्या वाती करून समाजाच्या देवळात लावाव्यात. त्या वाती धुरकट जळतील, याची मला पूर्ण कल्पना आहे.

ही सूचना मी त्याच मंडळाच्या सभेत मांडली. एवढा वेळ कोणाला आहे, असे एक सद्गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सहा जणींनी नावे दिली. त्यांत त्या मुलीच्या आजीचे नाव होते. आता अडचण एवढीच आहे की, देवळामागच्या देवकापशीची बोंडे उमलल्याशिवाय पहिला रविवार ठरविता येत नाही, आणि यंदा पाऊस लांबला आहे.